प्रमाणपत्रानंतरची इमारत

(अभियंता दिनानिमित्त सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

२००७ साली ‘वर्ल्ड बिझनेस कौन्सिल फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट’ या संस्थेने बांधकाम क्षेत्रातल्या लोकांची एक पाहणी प्रसिद्ध केली. भारत, चीन, ब्राझील, जर्मनी, अमेरिका अशा देशांतले वास्तुविशारद, अभियंते, विकासक आणि ठेकेदार त्यात होते. जगात जे हरितगृह वायू बाहेर पडतात त्यांत इमारतींचा वाटा किती, असे त्यांना विचारले गेले. उत्तरांची सरासरी आली १९ टक्के. संस्थेच्या हिशेबाने खरा आकडा ४० टक्क्यांच्या घरात होता. मग विचारले, पर्यावरणपूरक इमारत बांधायला जादा खर्च किती येतो? सरासरी उत्तर १७ टक्के. संस्थेच्या हिशेबाने तो ५ टक्क्यांच्या आसपास होता.

म्हणजे ज्यांच्या हातून इमारती उभ्या राहतात, त्यांना आपल्या कामाचा भार निम्म्याहून कमी वाटत होता आणि उपायाचा खर्च तिपटीहून जास्त. आजचे व्याख्यान या दोन चुकीच्या अंदाजांबद्दल आहे. त्या पाहणीला बरीच वर्षे झाली, ‘ग्रीन बिल्डिंग’ हा शब्द आता गृहप्रकल्पांच्या प्रत्येक जाहिरातीत दिसतो. पण नाव कानावर पडणे आणि काम कळणे यांत अजून मोठे अंतर आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे ते विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले आणि मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी स्वयंचलित दारे बसवली. धरणाची भिंत तीच राहिली आणि पाणी जास्त साठू लागले. असलेल्या साधनातून जास्त काम काढायचे, आणि ते निघाले की नाही हे मोजून पाहायचे, ही त्यांची अभियंता म्हणून वृत्ती होती. हरित मानांकनाचा गाभाही हाच आहे.

मानांकन पद्धतींची सुरुवात ब्रिटनमध्ये १९९० साली ‘ब्रीअम’ने झाली. अमेरिकेत १९९३ साली ग्रीन बिल्डिंग कौन्सिल स्थापन झाली आणि तिने ‘लीड’ आणले. भारतात २००१ साली भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकाराने इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, म्हणजे आयजीबीसी, उभी राहिली. ‘टेरी’ संस्थेने आणि केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने मिळून आपल्या हवामानाचा विचार करून ‘गृह’ ही पद्धत घडवली आणि २००७ साली ती राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारली गेली. पद्धती वेगळ्या असल्या तरी चौकट सारखीच आहे. जागा, पाणी, ऊर्जा, साहित्य आणि आतली हवा-उजेड या विषयांवर काही अटी सक्तीच्या असतात, बाकीच्यांवर गुण मिळतात. गुणांच्या बेरजेवर चांदी, सोने, प्लॅटिनम किंवा एक ते पाच तारे. ‘गृह’मध्ये तर साइटवरच्या मजुरांसाठी स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि सुरक्षेची साधने आहेत की नाहीत हेही तपासले जाते, आणि ही फार मोलाची गोष्ट आहे.

या साऱ्याला भारतात चेहरा मिळाला तो हैदराबादच्या एका लहानशा इमारतीने. सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला २००३ साली लीड प्लॅटिनम मिळाले. अमेरिकेबाहेर हा मान मिळवणारी ती पहिली इमारत. वास्तुविशारद बडोद्याचे करण ग्रोव्हर. २००४ च्या जुलैत राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मधोमध अंगण, जाळीच्या भिंती, छतावर हिरवळ, आत येणारी हवा आधीच गार करणारे वाऱ्याचे मनोरे, सांडपाणी वनस्पतींच्या मुळांतून गाळून पुन्हा बागेला. यांतल्या निम्म्या गोष्टी आपल्या वाड्यांना आणि राजस्थानच्या हवेल्यांना परक्या नव्हत्या. नवे होते ते त्यांचा परिणाम आकड्यांत मांडणे.

तेव्हा ती महाग पडली. आयजीबीसीनेच आपल्या सादरीकरणांतून मांडलेल्या आकड्यांनुसार सुमारे २०,००० चौरस फुटांच्या त्या इमारतीला नेहमीपेक्षा १८ टक्के जास्त खर्च आला आणि तो वसूल व्हायला सात वर्षे धरली गेली. त्यानंतरच्या गुडगावच्या आयटीसी ग्रीन सेंटरला १५ टक्के, आणि पुढच्या काही प्रकल्पांना ६ ते ८ टक्के. खर्च असा घसरण्याचे कारण साधे आहे. सुरुवातीला प्रत्येक वस्तू शोधावी लागे, काही परदेशातून आणावी लागे. मागणी वाढली तसे फ्लाय ॲशचे सिमेंट, एएसी म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक, कमी उग्र वासाचे रंग, एलईडी दिवे, कमी पाण्याचे फ्लश हे सगळे कोपऱ्यावरच्या दुकानात आले. अमेरिकेत ग्रेग कॅट्स यांनी २००३ साली कॅलिफोर्निया राज्यासाठी ३३ इमारती तपासल्या तेव्हा जादा खर्च सरासरी २ टक्क्यांहूनही थोडा कमी निघाला. ‘डेव्हिस लँगडन’ या खर्च-सल्लागार कंपनीने २००४ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये मानांकित व साध्या इमारतींचे दर शेजारी ठेवले. सरासरीत लक्षणीय फरक आढळला नाही. महाग इमारती दोन्हींकडे होत्या, स्वस्तही दोन्हींकडे.

तरीही आपल्याकडे बांधकामाच्या बैठकीत ‘ग्रीन म्हणजे खर्चिक’ हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत येते. ते का येते हे समजून घेतले पाहिजे. मानांकनाचा विचार उशिरा सुरू होतो, हे त्याचे खरे कारण. नकाशे मंजूर झाले, टेंडर निघाले, पाया भरला, आणि मग कोणीतरी सल्लागार नेमतो. आता इमारतीचे तोंड फिरवता येत नाही, पश्चिमेच्या मोठ्या खिडक्या लहान करता येत नाहीत, पाइपांची जागा बदलता येत नाही. उरते ते विकत घेणे: महागडी काच, महागडा चिलर, छतावर पॅनल. जे पेन्सिलीच्या रेघेने फुकट झाले असते ते चेकने करावे लागते. मग १७ टक्के खर्च वाटला तर नवल नाही.

महाराष्ट्रात जाणीव वाढली ती मुख्यतः चटई क्षेत्रामुळे, म्हणजे भूखंडावर किती बांधायची परवानगी आहे त्या मापामुळे. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मानांकित इमारतींना मूळ चटई क्षेत्रावर ३, ५ किंवा ७ टक्के जादा क्षेत्र मिळण्याची तरतूद आहे. जितके वरचे मानांकन तितके जास्त. मूळ १०,००० चौरस फुटांवर ७ टक्के म्हणजे ७०० चौरस फूट, एक आटोपशीर फ्लॅट. त्याच्याही आधी पिंपरी-चिंचवड महापालिकेने ‘गृह’ मानांकित प्रकल्पांत विकासकाला प्रीमियममध्ये आणि राहणाऱ्याला मालमत्ता करात सवलत द्यायला सुरुवात केली होती. पुणे महापालिकेची ‘इको-हाउसिंग’ योजनाही त्याच काळातली. या सवलतींनी विकासकांच्या कार्यालयांत मानांकनाचे नाव पोचवले, आणि ते श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण नावाबरोबर जो प्रश्न पोचला तो ‘किमान किती गुण लागतात?’ असा होता. मग यादीतले स्वस्त गुण आधी उचलले जातात. सायकल-स्टँड, विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंगची जागा, माहितीचा फलक. यांत वाईट काही नाही. मात्र ज्या निर्णयांवर इमारतीची पुढची पन्नास वर्षे ठरतात ते बाजूला पडतात. ते निर्णय वास्तुविशारद, विद्युत व प्लंबिंग सल्लागार, साइट इंजिनीअर आणि गवंडी यांच्या हातात असतात, आणि या साखळीत खाली जावे तशी माहिती विरळ होते. परीक्षा देऊन आयजीबीसीचे किंवा ‘गृह’चे प्रमाणित व्यावसायिक झालेले लोक आज पुष्कळ आहेत. त्यांच्यातले बहुतेक कार्यालयांत बसून कागदपत्रे जुळवतात. साइटवरच्या मुकादमाशी त्यांची गाठ क्वचितच पडते.

पाण्याचे उदाहरण घ्यावे. राष्ट्रीय इमारत संहितेचा ठोकताळा माणशी रोज १३५ लिटरचा आहे. पाच माणसांचे घर धरले तर ६७५ लिटर, आणि २०० घरांच्या सोसायटीला रोज १,३५,००० लिटर. जुन्या पद्धतीच्या टाकीतून एका वेळी १० लिटर आणि त्याहून जास्त पाणी जाई; आताच्या दुहेरी बटणाच्या टाकीतून ३ किंवा ६ लिटर जाते. नळाच्या तोंडाला हवा मिसळणारी जाळी बसवली की धार तशीच वाटते आणि पाणी कमी लागते. या साधनांनी एक चतुर्थांश पाणी वाचले असे धरले तर रोज जवळजवळ ३४,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे तीन टँकर भरून थोडे उरते. पुण्यात वाघोली, बाणेर, बावधनकडच्या सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकरवर काय खर्च येतो हे तिथे राहणाऱ्यांना विचारावे. नळाची जाळी ही साऱ्या इमारतीतली सर्वात स्वस्त वस्तूंपैकी एक आहे. ती प्लंबिंगच्या बीओक्यूत, म्हणजे कामाच्या व साहित्याच्या यादीत, लिहिली गेली नाही तर बसत नाही, इतकेच.

भिंतीचे प्रकरण जास्त गंभीर आहे. उष्णता भिंतीतून किती वेगाने आत येते हे यू-मूल्याने मोजतात; आकडा जितका लहान तितकी भिंत चांगली. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीचे यू-मूल्य २ च्या आसपास असते, २०० मिलिमीटर एएसी ब्लॉकच्या भिंतीचे ०.८ च्या जवळपास, आणि १५० मिलिमीटर काँक्रीटच्या भिंतीचे ३ च्याही वर. आता पुण्या-मुंबईतले मोठे प्रकल्प ॲल्युमिनियमच्या शटरिंगने, ज्याला साइटवर सगळे ‘मायवान’ म्हणतात त्याने, उभे राहतात. काम झपाट्याने होते, स्लॅबबरोबर भिंतीही काँक्रीटच्याच ओतल्या जातात. म्हणजे आपल्या आजोबांच्या विटेच्या घरापेक्षा नातवाच्या नव्या फ्लॅटची भिंत जास्त उष्णता आत घेते, आणि वर छज्जेही गेले आहेत. रात्री नऊला भिंतीवर हात ठेवला तर ती कोमट लागते. मग प्रत्येक खोलीत एसी.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली ती यासाठीच. छत सोडून इमारतीच्या बाह्यांगातून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटपेक्षा जास्त नसावी, असा तिचा दंडक आहे. हे गणित करायला खिडकीचे माप, काचेचा प्रकार, छज्ज्याची लांबी, भिंतीचे साहित्य आणि दिशा एवढेच लागते. एका स्प्रेडशीटचे काम आहे. ‘मायवान’ वापरणाऱ्याने भिंतीला उष्णतारोधक थर दिला, खिडकीवर दोन फुटांची सावली धरली, पश्चिमेची काच कमी केली, तर तोही दंडक पाळू शकतो. गणित केलेच नाही तर मात्र त्याला कळतही नाही की आपण कुठे आहोत.

एएसी ब्लॉकबद्दल साइटवर एक तक्रार नेहमी ऐकू येते: भिंतींना चिरा पडतात. ती खोटी नाही. हे ब्लॉक हलके आणि सच्छिद्र असतात. त्यांना पातळ थराचा तयार मसाला लागतो, पाणी बेताने मारावे लागते, आणि बीम-कॉलमला जिथे भिंत भिडते तिथे प्लास्टरआधी जाळी मारावी लागते. गवंड्याने आयुष्यभर विटा बांधलेल्या असतात. तो विटेसारखा जाड वाळू-सिमेंटचा थर लावतो, ब्लॉक भरपूर भिजवतो. वर्षभरात चीर येते आणि ठेकेदार ठरवतो की ब्लॉकच वाईट. पुढच्या प्रकल्पात परत वीट. गवंड्याला नव्या ब्लॉकचे काम हातात घेऊन कोणी दाखवलेलेच नव्हते. व्यावसायिकांच्या जाणिवेबद्दल बोलताना आपण परिषदा आणि प्रमाणपत्रे मोजतो. गवंड्याला व्यावसायिक मानायला आपण तयार नाही, ही आपली सर्वात महागडी चूक आहे.

उलट काही ज्ञान त्याच्याकडे आधीपासून आहे. आपल्या गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक घालण्याची जुनी पद्धत आहे. गळती थांबवण्यासाठी ती आली, पण पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो आणि कोबा उष्णता अडवतो. मानांकनात ‘थंड छप्पर’ म्हणून ज्याला गुण मिळतात ते हेच. कित्येक तरुण इंजिनीअर गुणांसाठी परदेशी लेपाचा कॅटलॉग चाळत बसतात आणि शेजारी उभ्या असलेल्या मोझॅकवाल्याला विचारत नाहीत.

मोजमापाने काय साधते याचा सर्वात सुंदर पुरावाही हैदराबादमध्येच आहे. इन्फोसिसने पोचारमच्या आवारात एक कार्यालयीन इमारत बांधली आणि तिचे दोन सारखे भाग केले. भिंती, काच, माणसांची संख्या, सगळे सारखे. एका भागात नेहमीची, पण उत्तम दर्जाची वातानुकूलन यंत्रणा. दुसऱ्या भागात स्लॅबमध्येच पाइप पुरून त्यांतून गार पाणी फिरवले, म्हणजे छतच खोली गार करते. दोन्हींना स्वतंत्र मीटर. कंपनीने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार गार पाण्याच्या भागाला वातानुकूलनासाठी सुमारे ३४ टक्के कमी वीज लागली, आणि यंत्रणा बसवायचा खर्चही किंचित कमीच आला. यानंतर वादाला जागा उरली नाही. त्या इमारतीला लीड प्लॅटिनम आहेच. पण अभियंत्यांच्या जगात तिचे नाव झाले ते या दोन मीटरांमुळे.

मीटर नसेल तर काय होते तेही पाहायला हवे, कारण मानांकनाची बाजू मांडणाऱ्यांनी त्याचे दोष झाकले तर त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतल्या गाय न्यूशॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली अमेरिकेतल्या लीड इमारतींच्या प्रत्यक्ष वापराची आकडेवारी पुन्हा तपासली. सरासरीने त्या इमारती दर चौरस फुटाला १८ ते ३९ टक्के कमी ऊर्जा वापरत होत्या. पण त्यांतल्या २८ ते ३५ टक्के इमारती आपल्या जोडीच्या साध्या इमारतींपेक्षा जास्त ऊर्जा खात होत्या, आणि मिळालेल्या पदकाच्या दर्जाशी प्रत्यक्ष वापराचा फारसा संबंध दिसला नाही. ओबर्लिन कॉलेजचे भौतिकशास्त्रज्ञ जॉन स्कोफिल्ड तर त्याहून कठोर निष्कर्षाला आले. लीडच्या २००९ च्याच आवृत्तीत प्रत्यक्ष ऊर्जा आणि पाणीवापराची माहिती पाच वर्षे देणे ही अट आली. ‘गृह’चे मानांकनही पाच वर्षांपुरतेच असते, पुढे नूतनीकरण करावे लागते.

सरासरी चांगली आणि तिसरा हिस्सा वाईट, असे का व्हावे? कागदावरचे प्रारूप आणि चालती इमारत यांच्यामध्ये यंत्रणा तपासून, जुळवून सुरू करण्याचा टप्पा असतो. घाईत तोच गाळला जातो. बिल्डर सोसायटीला ताबा देतो तेव्हा किल्ल्या देतो, पावत्या देतो; प्रत्यक्ष बांधलेल्या पाइपलाइनचे नकाशे आणि यंत्रणांच्या पुस्तिका क्वचित देतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे वीजबिल पहिल्या वर्षी आले की समिती ब्लोअर बंद ठेवते, चार महिन्यांत वास सुटतो, फ्लशला प्रक्रिया केलेले पाणी देणारी वेगळी पाइपलाइन पुन्हा पिण्याच्या पाण्याला जोडली जाते. पावसाळी पाणी मुरवण्याचे खड्डे गाळाने भरतात. प्रवेशद्वारावरचा प्लॅटिनमचा फलक मात्र चकचकीत असतो. यात सोसायटीला दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. तिला कोणी शिकवले नाही, आणि शिकवण्याचे पैसे कोणाच्याच कंत्राटात नव्हते.

फायदा एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा, ही या क्षेत्राची जुनी गाठ आहे. विकासक भिंतीवर पैसे घालतो, बिल रहिवाशाचे वाचते. जादा चटई क्षेत्राने विकासकाची बाजू सुटते. पिंपरी-चिंचवडने रहिवाशाला करसवलत देऊन दुसरी बाजू हातात घेतली, म्हणून ते पाऊल दूरदृष्टीचे वाटते. सार्वजनिक इमारतींत तर ही गाठ नसतेच, बांधणारे आणि बिल भरणारे सरकार एकच. दिल्लीत केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने बांधलेले आणि २०१४ साली उद्घाटन झालेले इंदिरा पर्यावरण भवन त्याचे उदाहरण आहे: छतावर ९३० किलोवॅटची सौरयंत्रणा, ‘गृह’चे पाच तारे, आणि वर्षाची गरज जागेवरच भागवण्याचे उद्दिष्ट. आपल्या जिल्हा परिषदांच्या शाळा, तहसील कार्यालये, एसटी स्थानके यांना इतक्या भव्यतेची गरज नाही. योग्य दिशा, सावली, पांढरे छत आणि आरपार वारा एवढे नकाशा मंजूर करणाऱ्या उपअभियंत्याने पाहिले तरी पुरे.

मोजमाप सक्तीचेही करता येते. न्यूयॉर्क शहराने २०२० पासून २५,००० चौरस फुटांहून मोठ्या इमारतींना दर्शनी दारावर ऊर्जेची श्रेणी लावणे बंधनकारक केले आहे. ही श्रेणी मुख्यतः गेल्या वर्षीच्या प्रत्यक्ष वापरावरून ठरते, नकाशावरून नाही. आपल्याकडे असे करायला नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. सोसायटीच्या सामायिक मीटरचे युनिट महावितरणकडे महिन्यागणिक नोंदलेले असतात, मोठ्या गृहसंकुलांच्या पाण्याची मोजणी महापालिका करते, टँकरच्या पावत्या सोसायटीच्या हिशेबात असतात. जादा चटई क्षेत्र घेतलेल्या प्रत्येक प्रकल्पाने ताबा दिल्यानंतरच्या पहिल्या बारा महिन्यांचे हे तीन आकडे महापालिकेला द्यावेत, महापालिकेने ते आपल्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नावापुढे छापावेत, आणि मालमत्ता करातली सवलत दरवर्षी त्या आकड्यांवर चालू ठेवावी. असा ठराव मांडायला एखादी अभियंत्यांची किंवा बांधकाम व्यावसायिकांची संघटना पुढे आली, तर तिने पहिली यादी स्वतःच्या सभासदांच्या प्रकल्पांची करावी.